काटा खालीच होता

बोनेटखाली हात घालायला जागा किती असते, असं कुणी विचारलं की मी उजव्या हाताची मागची बाजू पुढं करतो. मनगटापासून बोटांपर्यंत बारीक पांढऱ्या रेघाच रेघा. यातली एकही मोठ्या जखमेची नाही. बोल्ट गंजलेला असतो, जागा चार बोटांची असते, जोर लावला की पाना सटकतो आणि हात समोरच्या पत्र्यावर आपटतो. शिरूरला बत्तीस वर्षं गॅरेज चालवलं, त्याचं सर्टिफिकेट म्हणाल तर हेच.

गॅरेज बंद करून तीन वर्षं झाली. गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून बंद केलं, धंदा बसला म्हणून नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. पण जुनी गिऱ्हाइकं सोडत नाहीत. गाडी दारात बंद पडली की फोन येतो आणि मी मोटारसायकलला हत्यारांची पिशवी अडकवून निघतो. बायको म्हणते, निघाले डॉक्टर व्हिजिटला. म्हणू दे. गॅरेजात गाडी येते तेव्हा नुसती गाडी येते. माणसाच्या दारात गेलं की ती गाडी कशासाठी आहे, ते कळतं.

बत्तीस वर्षांत काय काय केलं त्याची जंत्री इथं देत नाही. एकाच कामाबद्दल लिहितो, कारण त्या कामात मी सगळ्यात हुशार आहे अशी माझी समजूत होती. ते काम म्हणजे इंजिनाचं पाणी.

ज्यांनी कधी बोनेट उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिन तापतं, म्हणून त्याच्या अंगातून पाणी फिरवतात. तापलेलं पाणी पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये जातं, वाऱ्यानं गार होतं आणि परत येतं. हे फिरवण्याचं काम वॉटर पंप करतो. विहिरीवरच्या मोटारीचंच काम, फक्त याला वीज लागत नाही, इंजिनाचा पट्टाच त्याला फिरवतो. पंप हाताच्या पंजाएवढा असतो आणि लहान गाड्यांत तो अशा सांदीत बसवलेला असतो की बसवणाऱ्याचा आपल्यावर काही राग होता की काय, असं वाटावं. एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला चासीचा पत्रा आणि मधल्या बोळात पंप. त्याच्यापर्यंत पोहोचायला पुढचं चाक काढायचं, इंजिनाला खालून जॅक आणि लाकडाची फळी लावायची, इंजिन धरून ठेवणारी वरची माउंटिंग सोडायची, पट्ट्यावर खुणा करून पट्टा उतरवायचा. मग कुठं पंपाचे बोल्ट दिसतात. त्यातला शेवटचा दिसतही नाही. तो बोटांनी बघावा लागतो.

या पाण्याच्या वाटेवर आणखी एक वस्तू असते, थर्मोस्टॅट. रुपयाच्या जुन्या मोठ्या नाण्यापेक्षा जरा मोठी पितळी झडप. इंजिन गार असतं तेव्हा ती रेडिएटरकडचं दार बंद ठेवते. इंजिन पुरेसं तापलं की उघडते. एवढंच तिचं काम.

ही झडप मी काढून टाकायचो. मीच नव्हे, आमच्या भागातले बहुतेक फिटर काढायचे. मी काम शिकलो दौंडला, स्टेशनच्या पलीकडं एका उस्तादांकडं. त्यांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की थर्मोस्टॅट थंड मुलखातल्या गाड्यांसाठी असतो, आपल्याकडं ऊन काय कमी आहे का. कारणही तसंच होतं. आमच्याकडं लोक रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततात. त्या पाण्याचा पांढरा थर झडपेवर बसतो, झडप अडकते, गाडी उकळते आणि गिऱ्हाईक फिटरच्या नावानं ठणाणा करतं. झडपच काढून टाकली की कटकट संपली. पाणी सतत फिरत राहतं, इंजिन गार आणि डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा तळाला झोपलेला. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो की काटा खाली आहे तोवर इंजिनाला काही होणार नाही, ही माझी गॅरंटी. काढलेले थर्मोस्टॅट मी एका तारेत ओवून गॅरेजच्या दाराशी टांगत असे. नवीन माणूस आला की विचारायचा, हे काय आहे. मग मला बोलायला विषय मिळायचा. खोटं कशाला बोलू, त्या तारेचा मला अभिमान होता.

गॅरेज बंद केल्यावरच्या पहिल्याच वर्षी कारेगावहून एक फोन आला. मोरेसाहेब रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला होते. त्यांनी रविवारी आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मोबाइलवर व्हिडिओ लावून स्वतःच पंप बदलायला घेतला होता. मी गेलो तर सतरंजी अंथरलेली, आणि बायकोच्या इडलीपात्रात एकेक बोल्ट चिठ्ठी लावून ठेवलेला. असं टापटीप काम माझ्या गॅरेजात बत्तीस वर्षांत कधी झालं नाही. फक्त तो शेवटचा बोल्ट त्यांना दोन दिवस सापडत नव्हता. मी हात घातला, डोळे मिटले आणि काढून दिला. त्यांनी बघायला मान वाकडी केली. मी म्हणालो, साहेब, बघून उपयोग नाही.

मग गंमत झाली. साहेबांनी पंपाबरोबर नवा थर्मोस्टॅटही आणला होता. गाडी दुसऱ्याकडून जुनी घेतलेली, तिच्यातला जुना बघायला गेले तर त्याचं घर, म्हणजे झडप बसते ती जागा, रिकामी. कुणी काढला म्हणाले. मी म्हणालो, कुणीतरी शहाणा फिटर असणार. साहेबांना ते पटलं नाही. ते म्हणाले, "आप्पा, कंपनीवाले एक वॉशर वाचवायला महिनाभर मीटिंगा घेतात. त्यांनी हा पार्ट ठेवलाय म्हणजे काहीतरी कारण असेल की." मी मोठ्यानं हसलो. पुढं वर्षभर हा किस्सा मी चहाच्या टपरीवर रंगवून सांगत असे, इडलीपात्रासकट.

आता राहू गावची गोष्ट.

राहूचे बबनराव माझे वीस वर्षांचे गिऱ्हाईक. चौफुला ते दौंड वडापची, म्हणजे सीटवर पॅसेंजर नेणारी जीप चालवायचे. माणूस असा की इंजिनाच्या आवाजावरून सांगणार, आप्पा, तिसऱ्या नंबरचा प्लग बघा. जीप विकून त्यांनी एक जुनी लहान पेट्रोल गाडी घेतली. ही गोष्ट घडली त्याच्या दोन वर्षं आधी त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार दौंडला डायलिसिस. सकाळी आठची पाळी. त्या पाळीला पोहोचलं नाही तर मशीन दुसऱ्या पेशंटला जातं, आणि एक पाळी चुकली तर बबनरावांना पायऱ्या चढतानाही धाप लागते, अंगावर सूज येते. एकदा एस.टी.नं जाऊन बघितलं, परत येताना स्टँडवरच चक्कर येऊन पडले. एकदा भाड्याची गाडी केली, तर वाटेत उलटी झाली म्हणून ड्रायव्हरनं पुढच्या खेपेला यायलाच नकार दिला. शेवटी लताबाईंनी, त्यांच्या मंडळींनी, गाडी शिकून घेतली. लताबाई गावात अंगणवाडी चालवतात. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं दोन महिन्यांत लायसन काढलं आणि तेव्हापासून आठवड्यातून दोनदा नवऱ्याला शेजारी बसवून दौंड गाठलं. अंगणवाडीची मदतनीस तेवढे दिवस सांभाळून घेते.

एका शुक्रवारी दुपारी लताबाईंचा फोन आला. दौंडहून परतताना गावाच्या अलीकडं गाडी बंद पडली होती. आधी ओढ गेली, मग भाजल्याचा वास आला, शेजारी सीट मागं पाडून झोपलेले बबनराव वासानं जागे झाले आणि बंद कर म्हणाले. ट्रॅक्टरनं ओढून गाडी घरी आणली होती. मंगळवारी आठ वाजता दौंडला पोहोचायचं आहे, एवढंच त्या शेवटी म्हणाल्या.

शनिवारी सकाळी मी न्हावऱ्यावरून भीमेचा पूल ओलांडून राहूला पोहोचलो. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. शेजारी बाजेवर बबनराव बसलेले, जवळ पाण्याची बाटली. बाटलीवर पेननं रेघा मारलेल्या होत्या, दिवसाला किती प्यायचं त्याच्या. जय भीम झाला. मी बोनेट उघडलं आणि रोग लगेच कळला. पंपाच्या दांड्याचं सील फुटलं होतं, पाणी एका दमात रस्त्यावर सांडलं होतं. पंप बदलणं हा प्रश्न नव्हता. प्रश्न हा होता की कोरडं इंजिन किती वेळ चाललं. जास्त चाललं असेल तर वरचं हेड वाकतं, त्याखालचं गॅस्केट जळतं, मग इंजिन उतरवून पुण्याला मशिनवर न्यावं लागतं. आठ-दहा दिवस. मंगळवार तीन दिवसांवर होता. आणि हे पंप बसवून गाडी चालू केल्याशिवाय कळणार नव्हतं.

चाक काढलं, जॅक लावला, माउंटिंग सोडली. पट्ट्यावर खुणा करायला लताबाईंनी अंगणवाडीतला खडू आणून दिला. सगळं झरझर झालं, आणि शेवटच्या बोल्टपाशी मी अडकलो. ज्या बोल्टवरून मी कारेगावच्या साहेबांना शहाणपण शिकवलं होतं, तोच. त्यानंतरच्या दोन वर्षांत माझ्या बोटांचे सांधे सुजलेत. हात सांदीत जाईना. तेल लावलं, कातडी सोलून घेतली, तरी जाईना. बबनराव बाजेवरून बघत होते, त्यामुळं मला जास्तच राग येत होता.

लताबाई म्हणाल्या, मी बघू का? मी नको म्हणालो. पुन्हा दहा मिनिटं झटलो आणि बाजूला झालो. त्यांनी बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या, वर रबर लावलं आणि हात घातला. मी सांगत गेलो, पाइपाच्या मागं, खाली, अजून खाली, सहा कोन लागतात का? त्या डोळे मिटून चाचपत होत्या. मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं नव्हतं. पाना बसला. पहिल्या झटक्याला सटकला आणि त्यांच्या हातावर रेघ उमटली. दुसऱ्या झटक्याला बोल्ट सैल झाला.

मला बरं वाटायला हवं होतं. पण मी पडलो तापट, आणि आधीच ओशाळलेला. पंप हातात आल्यावर मी लताबाईंनाच झापलं. एवढं पाणी गेलं, काटा टोकाला चढला असेल, गाडी चालवताना लक्ष कुठं होतं, असं बरंच काही बोललो.

त्या पदराला हात पुसत होत्या. थांबून म्हणाल्या, "काटा खालीच व्हता, आप्पा. मी सारखी बघत व्हते. तुमी ह्यांना सांगितल्यालं, काटा खाली हाय तवर इंजनाला काय व्हत न्हाई. ह्यांनी मला सांगितलं. गाडीतली ती एकच गोष्ट मला पक्की म्हाईत हाय."

मी पंप फडक्यात गुंडाळायला घेतला.

ही गोष्ट नीट सांगायला हवी. काट्याला इंजिनाचं तापमान कळत नाही, पाण्याचं कळतं. त्याचा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो. पाणीच संपलं की तो कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. म्हणजे इंजिन जळत असतं आणि काटा सांगतो, सगळं गार आहे. गाडीत थर्मोस्टॅट असेल तर रोजच्या चालण्यात काटा मध्यावर उभा असतो. पाणी गेलं की तो मध्यावरून खाली पडतो आणि चालवणाऱ्याला काहीतरी बिघडलं हे दिसतं. पण माझ्या गाड्यांचा काटा आधीच तळाला झोपलेला. तो पडणार कुठून? लताबाई नेमानं काट्याकडं बघत होत्या, आणि तो जसा रोज दिसतो तसाच त्या दिवशी दिसत होता. चार वर्षांपूर्वी त्या गाडीतला थर्मोस्टॅट मीच काढला होता. बबनरावांसमोर, गॅरंटी देऊन.

बत्तीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कारेगावच्या साहेबांना जे कारण माहीत नव्हतं पण असणार असं वाटत होतं, त्यातलं एक हे होतं.

त्या दिवशी मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. नमुना म्हणून जुना पंप पिशवीत टाकला, उद्या येतो म्हणालो आणि निघालो. आमच्या धंद्यात जुना पार्ट दुकानात नेऊन जुळवून घेतात, त्यामुळं निघायला निमित्त होतंच.

शिरूरला दुकानात पंप मिळाला, पॅकिंग मिळालं, पाण्याऐवजी भरायचं कूलंट मिळालं. थर्मोस्टॅट मागितला तर दुकानदार चष्म्यावरून बघायला लागला. म्हणाला, "आप्पा, तुमी समद्यांनी काढून टाकले, आता मागतंय कोण? मी ठेवायचंच बंद केलं." पुण्याहून मागवला तर बुधवारी आला असता.

घरी आलो. थर्मोस्टॅटची ती तार न्हाणीघराच्या भिंतीला टांगलेली होती. गॅरेज बंद केलं तेव्हा हत्यारांबरोबर तीही घरी आणली होती, कशासाठी ते विचारू नका. बायकोला ती तार कधीच आवडली नव्हती. मी ती सोडून अंगणात बसलो आणि त्या गाडीच्या मापाचे थर्मोस्टॅट निवडले. सात निघाले. यात बबनरावांचा होता का, असला तर कुठला, ते सांगता येत नव्हतं.

रविवारी मी सातही घेऊन राहूला गेलो. थर्मोस्टॅट तपासायची रीत सोपी आहे. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडायचा आणि गॅस लावायचा. पाणी उकळायच्या जरा आधी झडप उघडली आणि गार पाण्यात टाकल्यावर मिटली, तर तो जिवंत. लताबाईंच्या ओट्यावर पातेलं ठेवलं. बबनरावही भिंतीला धरून आत आले आणि स्टुलावर बसले. पहिला उघडला नाही. दुसरा अर्धवट उघडून अडकला. तिसरा, चौथा मेलेला. पाचवा सोडला, पाण्याला बारीक बुडबुडे धरले आणि झडप सावकाश उघडली. गार पाण्यात मिटली. पुन्हा केलं, पुन्हा उघडली.

तेव्हा मला गप्प राहवेना. मी बबनरावांकडं वळून सगळं सांगितलं. झडप मी काढली, ती असती तर काटा पडलेला दिसला असता, वहिनींची काही चूक नव्हती, काल मी त्यांना उगाच बोललो. सांगताना मला लाज वाटत होती.

बबनराव ऐकून घेऊन म्हणाले, "मला कशापायी सांगताय, आप्पा? मी आता नुसता बाजूला बसतो. चालवती ती. तिला सांगा."

हे मला जास्त लागलं. दोन वर्षं ती बाई गाडी चालवत होती आणि दोन वर्षं मी गाडीबद्दल जे काही बोललो ते बबनरावांशी. त्या चहाचा कप घेऊन उभ्या असायच्या, आणि मी त्यांच्या अंगावरून नवऱ्याला सांगायचो, पट्टा बघा, ऑइल बघा. मी लताबाईंकडं तोंड केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पातेल्यातली झडप दाखवली. त्यांनी एकच प्रश्न विचारला. काटा मध्यावर असला की चांगला, वर गेला तरी वाईट आणि खाली पडला तरी वाईट, असंच ना? मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग एवढं सोपं व्हतं तर आधी का न्हाई सांगितलं?" चहा मिळाला, पण शनिवारी मिळाली होती ती बिस्किटं रविवारी मिळाली नाहीत, हेही नमूद करतो.

पंप बसवला. तो बोल्ट लताबाईंनीच पिळला. थर्मोस्टॅट त्याच्या घरात बसवला, पट्टा खडूच्या खुणांवर चढवला, चार वेळा हातानं इंजिन फिरवून बघितलं. रेडिएटरमध्ये कूलंट ओतलं. बोअरचं पाणी भरलेली बादली बबनरावांनी सवयीनं पुढं सरकवली होती, ती मी झाडाला ओतली.

लताबाई स्टिअरिंगवर बसल्या. मी रेडिएटरचं टोपण उघडं ठेवून वाकलो. गाडी चालू झाली. आत हवा असते, त्यामुळं सुरुवातीला बुडबुडे येतात. ते थांबले तर इंजिन वाचलं. थांबलेच नाहीत तर गॅस्केट गेलं. बुडबुडे येत होते. पाच मिनिटं येत होते. बबनराव बाजेवरून उठले, बोनेटपाशी आले आणि कान तिरका करून उभे राहिले. मी मान वर केली नाही. बुडबुडे कमी झाले. मग एखाद-दुसरा. आणि तेवढ्यात गाडी बंद झाली.

मला वाटलं, संपलं. मान वर केली तर लताबाईंचा हात किल्लीवर होता. म्हणाल्या, "काटा वर चढाय लागला, म्हणून बंद केली." दोन वर्षं तळाला बघितलेला काटा पहिल्यांदाच हलला होता, त्यांनी दुसरं काय करायचं? मी खिडकीशी जाऊन म्हणालो, वहिनी, चालू करा, आता तो मधे जाऊन थांबेल. त्यांनी माझ्याकडं जे बघितलं त्यात विश्वास फार नव्हता. पण किल्ली फिरवली. आम्ही दोघंही त्या काट्याकडं बघत राहिलो. तो चढला, मध्यावर आला आणि उभा राहिला. मी पुढं जाऊन रेडिएटरमध्ये बघितलं. पाणी शांत होतं. तेलाची काडी काढून बघितली, तेल दुधाळ नव्हतं, म्हणजे त्यात पाणी शिरलं नव्हतं. बबनराव म्हणाले, चांगली चालतीय. मी तिथंच चाकाशेजारी खाली बसलो, कारण गुडघे दुखत होते आणि डोळे भरून आले होते.

मंगळवारी मी मोटारसायकलवर त्यांच्या मागं मागं दौंडपर्यंत गेलो. जायची गरज नव्हती, पण घरी बसवेना. आठला दहा मिनिटं कमी असताना बबनराव आत गेले.

परत आल्यावर मोरेसाहेबांना फोन केला. वाटलं होतं हसतील, तसा त्यांचा हक्कच होता. ते हसले नाहीत. त्यांनी कारखान्यातली पद्धत काढली, पाच वेळा 'का' विचारायचं. इंजिन का तापलं, वेळेवर का कळलं नाही, झडप का नव्हती, असं करत पाचव्या 'का'ला आम्ही दौंडच्या उस्तादांपाशी पोहोचलो. ते वारले. त्यांना कुणी शिकवलं असेल ते आता विचारता येणार नाही. साहेब म्हणाले, आप्पा, हे लिहून काढा, बाकीचे फिटर वाचतील. म्हणून लिहिलं.

जुन्या गिऱ्हाइकांना मी आता स्वतःहून फोन करतो. काहींच्या गाड्यांत थर्मोस्टॅट परत बसवले. शिरूरच्या दुकानदारानं ते पुन्हा ठेवायला सुरुवात केली. राहूच्या गाडीतही महिन्याभरात नवा बसवला. पण बऱ्याच गाड्या विकल्या गेल्या, कुठं गेल्या ते माहीत नाही. त्यांचे काटे खाली असतील आणि चालवणारी माणसं निर्धास्त असतील. याचं वाईट वाटतं, आणि त्याला इलाज नाही.

यंदा उन्हाळ्यात एका शुक्रवारी दुपारी लताबाईंचा फोन आला. मागं ट्रकांचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, काटा मध्यावरून खाली पडला, मी लगेच गाडी कडेला घेतली आणि बंद केली. बोनेट उघडून बघितलं तर वरचा रबरी पाइप चिरलाय, पंप बाहेरून कोरडा आहे, गळत नाही, म्हणजे पंप बरा आहे. मी कुठं आहात ते विचारलं. चौफुल्याच्या अलीकडं, झाडाखाली. मग सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, बबनरावांना फोन द्या जरा.

"ते झोपलेत," लताबाई म्हणाल्या. "त्यांना कशाला उठवू? पाइप घेऊन या, आप्पा. बसवते मी."